वानखेडेवरचं माकड, ग्राउंडवरचा काळू आणि बोलण्याची किंमत

गिरगावकर :
१७ ऑक्टोबर २००७. भारत-ऑस्ट्रेलिया मालिकेतली सातवी वनडे, वानखेडे. मुरली कार्तिकने २७ धावांत ६ बळी घेतले, तीच मॅच. मी एकोणीस वर्षांचा, नॉर्थ स्टँडमध्ये मित्रांबरोबर. ऑस्ट्रेलियाचा कृष्णवर्णीय खेळाडू अँड्र्यू सायमंड्स दिसला की आसपासची पोरं काखा खाजवत माकडाचे आवाज काढायची. मीही काढले. सहाच दिवसांपूर्वी बडोद्यात हेच झालं होतं, पेपरात आलं होतं. म्हणजे त्याला ते लागतं हे ठाऊक असूनच केलं.

पुढच्या रांगेत एक गृहस्थ लहान मुलीला घेऊन बसले होते. मागे वळून म्हणाले, "घरी माहितीये का, तू इथे काय करतोयस ते?" मी खाली बसलो. काही जणांना पोलिसांनी बाहेर काढलं, माझ्यापर्यंत कोणी आलं नाही.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे परवा सोसायटीच्या ग्राउंडवर माझा मुलगा एका पोराला "ए काळू, बॉल दे" म्हणाला. मी हटकलं, तर म्हणे, "बाबा, प्रेमाने म्हणतो, तोपण हसतो." वेस्ट इंडीजचा क्रिकेटपटू डॅरेन सॅमीही हसायचाच. हैदराबादच्या आयपीएल संघात त्याला 'काळू' म्हणायचे. त्याला वाटायचं, दणकट घोड्याला वगैरे म्हणत असतील. अर्थ कळला २०२० मध्ये, आणि मग त्याने जाहीर विचारलं की तेव्हा हसत होतात ते कशाला?

बोलायला बंदी नको, पण बोलल्याची किंमत मोजावी लागली पाहिजे, असं माझं मत आहे. तुमचं?

निर्भीड :
किंमत कोण ठरवणार, गिरगावकर? सगळी मेख तिथेच आहे. नोव्हेंबर २०१२ आठवा. बाळासाहेब गेले, मुंबई बंद होती, आणि पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर साधा प्रश्न विचारला की बंद कशाला. दुसरीने तो लाइक केला. दोघींना अटक! कुणाचं तरी मन दुखावलं, एवढंच निमित्त. आयटी कायद्यातलं ते ६६अ कलम सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केलं, पण तोवर त्या मुलींचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. 'लागलं' हे मोजायचं माप नाही हो. ज्याच्यामागे जमाव त्याला जास्त लागतं, असाच आपल्याकडचा अनुभव आहे.

आणि सॅमीचंच पुढचं सांगा की. त्या संघातल्या एका खेळाडूशी बोलणं झाल्यावर, त्याने ते प्रेमानेच म्हटलं होतं, हे सॅमीने स्वतः मान्य केलं. दोन माणसं बोलली, विषय मिटला. शिक्षा कशाला हवी होती?

सावळी_सुमी :
'प्रेमाने' या शब्दावर थांबते जरा.

माझी मावशी माझ्यावर जीव टाकायची. दर सुट्टीत डाळीचं पीठ आणि साय घेऊन बसायची आणि मानेवर चोळताना म्हणायची, "आमची काळुंद्री, हिला कोण करणार?" सगळे हसायचे, मीही. न हसून सांगते कुणाला! लग्नाच्या फोटोत माझ्या मनगटाचा रंग एक आणि चेहऱ्याचा भलताच आहे, कारण पार्लरवालीला कुणीतरी हळूच सांगून ठेवलं होतं. तो अल्बम मी मुलीला दाखवत नाही.

२०२० मध्ये त्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. ट्यूब तशीच गुलाबी. निर्भीड, मला कुणाला तुरुंगात नाही घालायचं. पण समोरचा हसला म्हणजे त्याला चाललं, हा हिशेब बंद करा.

नाना सातारकर :
लोक अर्धवट आठवण ठेवून बोलतात, म्हणून सिडनीचं पूर्ण लिहितो. जानेवारी २००८ ची कसोटी. हरभजनने सायमंड्सला माकड म्हटल्याचा आरोप झाला, मॅच रेफ्री माइक प्रॉक्टरने ३ कसोटींची बंदी घातली. हरभजनने आरोप नाकारला होता. अपील न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यासमोर ॲडलेडला चाललं. सचिनने साक्ष दिली. 'माँ की' असं काहीतरी म्हटलं, ते ऐकणाऱ्याला वेगळं ऐकू आलं, असा बचाव होता. वंशद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही, शिवीगाळीबद्दल निम्मं मानधन कापलं.

आता मला सांगा, माकड म्हटलं तर ३ कसोटी घरी आणि आईवरून बोललं तर निम्मं मानधन, हा तराजू कुणाचा? आमच्या गावात आईवरून शिवी दिली तर कोयते निघतात, माकड म्हटलं तर हसून सोडून देतात. 'आम्ही मारुतीला भजतो' असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं, ते अगदीच खोटं नव्हतं. शेवटी २०११ मध्ये दोघं मुंबई इंडियन्सकडून एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसले. जे बंदीने झालं नसतं ते तिथे झालं.

गिरगावकर :
नाना, सिडनीत नक्की काय बोललं गेलं ते सिद्ध झालं नाही, त्यामुळे त्यावर मी बोलत नाही. पण वानखेडेवर मी होतो. आमच्यातल्या एकाच्याही मनात मारुती नव्हता. मारुतीपुढे कुणी काखा खाजवत नाही.

आणि ड्रेसिंग रूमने सगळं भरून आलं असंही नाही. त्या प्रकरणानंतर आपण दारूत बुडत गेलो, घसरण तिथूनच सुरू झाली, असं सायमंड्सने पुढे मुलाखतीत सांगितलं. मे २०२२ मध्ये तो अपघातात गेला, त्या रात्री मला झोप लागली नाही. माफी मागायला माझ्याकडे माणूसच उरला नव्हता.

मेलबर्नकर :
इथली बाजू सांगतो. जानेवारी २०२१, पुन्हा सिडनीच. बाउंड्रीजवळ उभ्या असलेल्या आपल्या बोलर सिराजला प्रेक्षकांतून घाण ऐकावं लागलं, तो थेट अंपायरकडे गेला. खेळ थांबला, सहा जणांना बाहेर काढलं. पुढे चौकशीत निघालं की भारतीय खेळाडूंना वर्णद्वेषी बोलणं ऐकावं लागलं हे खरं, पण ते बोलणारे हे सहा जण नव्हेत.

म्हणून गिरगावकर आणि निर्भीड, दोघांचंही पटतं. खेळ थांबवला ते योग्यच, नाहीतर सिराजने दिवसभर ते पाठीवर घेऊन फिल्डिंग केली असती. पण घाईने बोट दाखवलं की भलताच माणूस सापडतो. ट्रॅममध्ये मलाही 'परत जा' ऐकावं लागलं आहे. मला पोलीस नको होते, डबा माणसांनी भरलेला होता, त्यातलं एक माणूस बोललं असतं तरी चाललं असतं.

निर्भीड :
हे मान्य. पुढच्या रांगेतल्या त्या गृहस्थांसारखं कुणी बोललं तर माझी काहीच हरकत नाही, तेही भाषणस्वातंत्र्यच आहे. माझा विरोध फौजदाराला आहे. सुमी, तुमच्या मावशीचं वाचून मात्र गप्प झालो. आमच्या घरीही एक 'काळ्या' आहे, धाकटा भाऊ. चाळीस वर्षांचा आहे.

सावळी_सुमी :
त्याला नावाने हाक मारून बघा एकदा.

गिरगावकर :
आज संध्याकाळी मुलाला घेऊन ग्राउंडवर जातोय. त्या पोराचं नाव विचारलं, तर माझ्या मुलाला सांगता आलं नाही. दोन वर्षं एकत्र खेळतायत.