अमाल्फीऐवजी चिलेंतो बघा

सप्टेंबरमध्ये इटलीतल्या अमाल्फी किनाऱ्याची गर्दी टाळून, गाडी न चालवता शांत किनारा हवा असेल, तर सालेर्नो शहराच्या दक्षिणेचा चिलेंतो हा भाग बघाच. नापोलीहून (नेपल्स) रेजिओनाले, म्हणजे प्रादेशिक ट्रेनने चिलेंतोतलं आग्रोपोली साधारण दीड तास. वाटेत पेस्तुमला उतरा. तिथली तीन ग्रीक देवळं स्टेशनपासून चालत जाण्याजोगी आहेत.

मुक्कामासाठी माझं मत आशेआला. स्टेशन खाली मरीनात, म्हणजे किनाऱ्यालगतच्या वस्तीतच आहे, लांबलचक वाळूचा किनारा आहे आणि वेलिया या प्राचीन ग्रीक शहराचे अवशेष जवळच. पालिनुरो जास्त देखणं, पण 'पिशोत्ता-पालिनुरो' या स्टेशनच्या नावावर जाऊ नका! गाव तिथून काही किलोमीटर दूर आहे. रविवारी बस फार कमी असतात, त्यामुळे हॉटेलला आधीच न्यायला यायला सांगा. पालिनुरोच्या समुद्री गुहा दाखवणाऱ्या बोटी समुद्र खवळला की बंद, म्हणून किमान दोन रात्री ठेवा.

ट्रेनच्या कागदी तिकिटावर चढण्याआधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो. किनाऱ्यावर 'स्पियाज्जा लिबेरा' म्हणजे फुकट. छत्री-खुर्च्यांच्या रांगा दिसल्या की पैसे पडतात. १५ ऑगस्टच्या आसपास मात्र इथेही जागा मिळत नाही, आणि ऑक्टोबरमध्ये बरीच हॉटेलं बंद होतात.