मदत हवी आहे: मॉडेल रेल्वेच्या ओओ लेआउटवर इंग्लंडचा मूर, म्हणजे डोंगरावरचा ओसाड माळ, खरा कसा दिसेल?

नमस्कार मंडळी, साताऱ्यातून लिहितेय. वरच्या खोलीत आठ बाय अडीच फुटाच्या प्लायवर ओओ लेआउट चाललंय, म्हणजे सगळं खऱ्याच्या ७६ पट लहान (१:७६), रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. रूळ टाकून झाले, वायरिंग झालं, गाडी मस्त पळते, आता सीनरीवर गाडं अडलंय.

थोडी पार्श्वभूमी सांगते म्हणजे काय हवंय ते कळेल. बाबा रेल्वेत गार्ड होते, बरीच नोकरी पुणे-मिरज लाइनवर झाली. भाऊ लीड्सला असतो, बाबा त्याच्याकडे गेले तेव्हा लीड्सवरून कार्लाइलला जाणाऱ्या गाडीत बसले आणि परत आल्यापासून त्याच लाइनबद्दल बोलतात, की अगं मैलोन्मैल झाड नाही, नुसता माळ, वर ढग टेकलेले, आपल्या कासला पावसाळ्यात असतं तसं आणि त्यातून गाडी चाललीय. सेटल ते कार्लाइल ही ७२ मैलांची लाइन, मिडलंड रेल्वेने बांधली, मालगाड्या १८७५ ला आणि पॅसेंजर १८७६ ला सुरू झाल्या. १९८० च्या दशकात बंद करायला निघाले होते, लोकांनी जोर लावला आणि १९८९ ला ती वाचली, हे तर बाबा येईल त्याला सांगतात. म्हणून ठरवलं की लेआउट त्याच लाइनचं करायचं.

रिबलहेडचा २४ कमानींचा पूल सगळ्यांना माहीत असतो पण तो जवळपास ४०० मीटर लांब आणि ३२ मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या स्केलला सव्वापाच मीटर लांबी आणि ४२ सेंटीमीटर उंची, ते माझ्या प्लायवर बसणं शक्य नाही, आणि पाचच कमानी करून त्याला रिबलहेड म्हणायचं मला पटत नाही. त्यामुळे पूल सोडून पुढचा तुकडा घेतलाय, माळावरचा एकटा ब्ली मूर सिग्नल बॉक्स आणि ब्ली मूर बोगद्याचं तोंड. बोगदा खरा २.४ किलोमीटर आहे, आपल्याला फक्त तोंड करायचंय.

आता अडचण. खाली थर्माकोल, त्यावर पीओपीत बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्या, उंचसखल आकार चांगला आलाय. एका कोपऱ्यात बाजारातला हिरवा फ्लॉक, म्हणजे मॉडेलच्या गवतासाठीचा रंगीत भुगा, टाकून बघितला तर सरळ क्रिकेटचं मैदान वाटतंय. भावाने पाठवलेल्या फोटोत एका रंगाचं काहीच नाहीये, पिवळट, तपकिरी, मधे काळपट, कुठे गडद हिरवे झुपके, कुठे जांभळट छटा, आणि सगळं एकमेकात मिसळलेलं. ते कशाने करायचं, कुठे काय लावायचं हे कशावरून ठरवायचं, बाहेरून येणारे तयार गवताचे पॅकेट फार महाग पडतात तर इथे साताऱ्यात किंवा कराड-सांगलीत मिळणाऱ्या कशातून जमेल का, आणि इथल्या पावसाळी हवेत ते टिकेल का, हे सगळं विचारायचंय. ज्यांनी डोंगराळ सीनरी केलीय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, बाबांना हे पूर्ण झालेलं बघायचंय आणि मलाही ते खरंच नीट करायचंय.

प्रतिसाद: कराड डाउन होम

ताई, आधी महिना ठरवा. मूर वर्षभर एकसारखा नसतो आणि बऱ्याच लेआउटमधे घोळ इथेच होतो. हेदर, म्हणजे ते जांभळं झुडूप, ऑगस्ट-सप्टेंबरला फुलतं, बाकी वर्षभर ते करडं-तपकिरीच असतं. कॉटन ग्रासचे पांढरे कापसासारखे बोंड जूनच्या आसपास. ब्रॅकन नावाचा नेचा उन्हाळ्यात हिरवा आणि ऑक्टोबरला गंजाच्या रंगाचा. ही तिन्ही एकाच माळावर एकाच वेळी ऐन भरात दाखवली की माहितगार माणूस लगेच ओळखतो. बाबा कुठल्या महिन्यात गेले होते? तोच धरा की, त्यांच्या डोळ्यासमोर तेच असणार.

अजून एक, उंचीचं गणित. ओओला ४ मिमी म्हणजे १ फूट. मेंढ्यांनी चरलेलं गवत २ मिमीच्या वर नको, हेदर ४ ते ६ मिमी, लव्हाळ्याचे झुपके ८ मिमीपर्यंत चालतील. १२ मिमीचे धागे सगळीकडे टाकले तर मेंढ्या गळ्यापर्यंत बुडतील.

प्रतिसाद: कासभटकी

मी मॉडेल करत नाही पण कासला दर पावसाळ्यात जाते, कुठे काय लावायचं या प्रश्नावर लिहिते कारण तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माळावर काय कुठे उगवेल हे पाणी आणि मातीची खोली ठरवते. आपल्या कासला बघ, जांभ्याच्या उघड्या कातळावर काहीच नाही, जिथे बोटभर माती साचलीय तिथे वेगळी फुलं, जिथे पाणी साठतं तिथे पांढरे गेंद आणि निळीजांभळी सीतेची आसवं, जरा खोल माती असेल तिथे सोनकी आणि तेरडा. एकदा हे दिसायला लागलं की पठार म्हणजे पाण्याचा नकाशा वाटायला लागतो.

इंग्लंडचा मूरही याच नियमाने चालतो फक्त जमीन उलटी आहे. आपला कातळ आणि वर पातळ माती, त्यांच्याकडे पीट, म्हणजे हजारो वर्षं अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा, स्पंजी थर, तो कायम ओला. स्कॉटलंडमधे रॅनक मूरवर हा थर इतका मऊ होता की रूळ टाकताना खाली झाडाच्या फांद्या-काटक्यांची गादी, माती आणि राख टाकून लाइन अक्षरशः तरंगती ठेवली, ती १८९४ ला सुरू झाली. म्हणून तुझ्या मॉडेलवर आधी खोलगट भाग शोध, चमचाभर पाणी सोडून बघ कुठे जाऊन थांबतं. तिथे काळी पीट, गडद हिरवं लव्हाळं, कॉटन ग्रास. चढावर जिथे पाणी निचरतं तिथे हेदर. त्याच्याही खाली, बऱ्यापैकी खोल आणि कोरड्या मातीच्या उतारावर ब्रॅकन. मधल्या सपाट भागात ते पिवळट राठ गवत. आणि मेंढ्या जिथे जास्त चरतात तिथे हेदर मागे हटतं आणि गवतच उरतं, त्यामुळे रुळाच्या बाजूच्या कुरणात जांभळा रंग कमीच ठेव.

एक कळकळीची विनंती. मॉडेलसाठी कासवरून एकही रोप, शेवाळ, काही उपटून आणू नकोस. ती जागा २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे आणि तिथला मातीचा थर एकदा निघाला की परत यायला पिढ्या जातात. बघायला मात्र जरूर जा, गुडघ्यावर बसून जमिनीच्या पातळीवरून फोटो काढ, वरून काढलेल्या फोटोचा उपयोग होत नाही.

प्रतिसाद: मिरज लाइन

मटेरियलचं मी सांगतो, सगळं इथेच मिळतं.

पहिला थर रंगाचा. पीओपी पांढरी आहे, ती कुठेही पांढरी राहता कामा नये, नाहीतर एक टवका उडाला की सगळा भास गेला. काळपट चॉकलेटी पोस्टर किंवा अ‍ॅक्रेलिक पाणी घालून सगळीकडे मारा. स्प्रे कॅन उघड्या थर्माकोलवर अजिबात मारू नका, त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल खाऊन टाकतं. रंग वाळला की फेविकॉलमधे निम्मं पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, त्या थेंबाने गोंद गोळा न होता सपाट पसरतो. त्यावर चाळलेली माती. माती आधी कढईत चांगली भाजून घ्या म्हणजे किडे आणि बुरशी मरते.

गवतासाठी नारळाचा काथ्या आणि सुतळी यांना तोड नाही, कारण मूरचं वाळकं गवत त्याच रंगाचं असतं, रंगवावंही लागत नाही. सुतळी उकलून ३-४ मिमीचे तुकडे कापा, काही तुकडे फिक्या हिरव्या पाण्यात बुडवून वाळवा, काही तसेच ठेवा, आणि दोन्ही मिसळून वापरा. लव्हाळ्यासाठी जुन्या ब्रशचे केस गडद हिरवे रंगवून गोंदाच्या थेंबात उभे करा.

गवत उभं राहायला हवं असेल तर स्टॅटिक ग्रास अ‍ॅप्लिकेटर, म्हणजे स्थिर विजेने धागे उभे करणारं साधन लागतं, बरेच हौशी लोक ते मच्छर मारायच्या बॅटच्या सर्किटपासून करतात, एक वायर स्टीलच्या चहाच्या गाळणीला, दुसरी ओल्या गोंदात टोचलेल्या खिळ्याला, गाळणी हलवली की धागे उभे राहून पडतात. यासाठी नायलॉनचे धागेच हवेत, सुतळी नीट उभी राहत नाही. पण ताई, बटण सोडलं तरी बॅटमधल्या कपॅसिटरमधे करंट राहतो आणि झटका जोरात बसतो, सर्किटचं काम येत असेल तरच हात घाला, शेजारी लहान मूल नको, आणि काम झालं की दोन्ही टोकं इन्सुलेटेड पक्कडने एकमेकाला टेकवून डिस्चार्ज करा.

रुळावर आधी मास्किंग टेप लावा आणि गवत झाल्यावर दोन-तीनदा व्हॅक्यूम मारा, मगच इंजिन ठेवा. सुटे धागे इंजिनच्या एक्सलला गुंडाळले की गिअर जातो.

प्रतिसाद: पडदेवाला, सांगली

मी नाटकाचे पडदे रंगवायचो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सीतास्वयंवर केलं ते आमच्याच गावात, तेव्हापासून इथे नाटक आहे आणि नाटक आहे तिथे पडदेही आलेच. त्या अनुभवावर सांगतो.

तुमचा प्लाय अडीच फूट खोल, त्यात माळ मैलोन्मैल दाखवायचा तर तो मागच्या पडद्यावरच दाखवावा लागणार. लांबचा डोंगर कधीही पुढच्या हिरव्याने रंगवू नका. जसं लांब जाल तसा रंगात पांढरा आणि किंचित निळा वाढवत न्या, कडा पुसट करत न्या. साताऱ्याहून जरंडेश्वराकडे सकाळी बघा, हेच दिसतं. आणि मॉडेलची जमीन जिथे पडद्याला भिडते तिथे सरळ रेघ दिसू देऊ नका. तिथे एखादा उंचवटा किंवा रचीव दगडाचा गडगा आडवा घ्या, त्या मुलखात असे चुन्याशिवाय रचलेले गडगे सगळीकडे आहेत, आपल्या स्केलला साधारण १८ मिमी उंच करा. गडग्याच्या मागचे गवताचे धागेही लहान आणि फिके घ्या, म्हणजे नजर आपोआप लांब जाते.

आकाश निळंशार नको. त्या भागात पाऊस भरपूर, राखाडी आणि खाली पिवळसर उजेड असू द्या. दिवा कुठला लावणार ते आधी ठरवून त्याच दिव्याखाली रंग मिसळा. पांढऱ्या ट्यूबखाली केलेला जांभळा पिवळ्या दिव्याखाली मळकट दिसतो.

सातारा ओओ (धागालेखिका)

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले ऑगस्टचा शेवट होता आणि पाऊस चालू होता. म्हणजे हेदर फुललेलं, ब्रॅकन हिरवं, कॉटन ग्रास संपलेलं असं धरते. पाणी सोडून बघायची आयडिया फारच आवडली काकू, लगेच केलं, पाणी सिग्नल बॉक्सच्या मागे जाऊन थांबलं, म्हणजे ती जागा पीट आणि लव्हाळ्याची ठरली.

दोन गोष्टी अजून विचारते. हेदरचा जांभळा कशाने करू? रांगोळीचा रंग टाकून बघितला तर फार भडक येतोय. आणि माझी एक मैत्रीण म्हणतेय वापरलेली चहा पावडर पीटसाठी छान दिसते, पण जुलैत आमच्या घरात चपलांनासुद्धा बुरशी येते तर ती टिकेल का?

प्रतिसाद: मिरज लाइन

चहा पावडर टाळा ताई. ओव्हनमधे खडखडीत वाळवली तरी साताऱ्याच्या पावसात ती ओल धरते. पीटसाठी भाजलेली काळी माती आणि थोडी कोळशाची पूड पुरे, वर जिथे पाणी दाखवायचंय तिथे क्लिअर वॉर्निशचे दोन पातळ हात.

हेदरसाठी खुर्चीच्या गादीतला जुना फोम घ्या, बारीक तुकडे करून पाण्याबरोबर जुन्या मिक्सरमधे फिरवा, पिळून तपकिरी-हिरव्या रंगात भिजवा, वाळवा. हे झालं झुडूप. जांभळा वेगळ्या फोमला द्या, त्यात पांढरा आणि चिमूटभर तपकिरी टाकून तो मारून घ्या, रांगोळीचा सरळ रंग नकोच. मग झुडपाच्या फक्त शेंड्याला गोंद टेकवून वरून भुरभुरवा. खालचा तपकिरी दिसत राहिला पाहिजे. सगळं झुडूप जांभळं केलं की प्लास्टिकचं वाटतं.

प्रतिसाद: कासभटकी

रंगाबद्दल थोडं. हेदर सलग पसरलेलं दाखवू नकोस. जिथे माणसं ज्यांची शिकार करतात अशा पक्ष्यांसाठी मूर राखतात तिथे हेदर पट्ट्यापट्ट्याने जाळतात, त्यामुळे एका पट्ट्यात कोवळं, शेजारी जुनं उंच, त्याच्या बाजूला नुकतं जळालेलं काळं. तुझ्या भागात मेंढ्या जास्त त्यामुळे पट्टे नकोत, पण वयाचा फरक ठेव, काही झुडपं ६ मिमी, काही ३, आणि जुन्या झुडपांच्या मधे पोकळी पडलेली.

सातारा ओओ (धागालेखिका)

समजलं. आता बोगद्याच्या तोंडाकडचा दोन फुटाचा तुकडाच आधी पूर्ण करते, ओल्या खोलगट भागापासून सुरू करून चढावर जाते, बाकीच्याला हात लावत नाही. मच्छर बॅटचं सर्किट बाबा स्वतः बसून करणार म्हणतायत. एकच शेवटचं विचारायचंय पडदेवाले काकांना, पडद्यासाठी कापड घेऊ की पातळ हार्डबोर्ड, खोलीच्या कोपऱ्यात तो गोल वळवायचा आहे आणि भिंतीला पावसाळ्यात ओल येते.

प्रतिसाद: पडदेवाला, सांगली

हार्डबोर्ड ओलीने फुगतो. सनमायका घ्या, मागची खरखरीत बाजू पुढे करा, प्रायमर मारून त्यावर अ‍ॅक्रेलिक छान धरतं आणि मोठा गोल ठेवलात तर न मोडता वळतो. भिंतीपासून दोन इंच सोडून लाकडी पट्टीवर बसवा म्हणजे मागून हवा खेळेल. आकाश रंगवून झालं की फोटो टाका, डोंगराचा रंग तिथूनच बघून सांगतो.