.३०८ वरून .२४३ रायफलवर येतोय, काडतुसातल्या दारूचा हिशेब कसा लावू?

नवानेमबाज: तीन वर्षं .३०८ विंचेस्टरची काडतुसं स्वतः भरतोय. आता .२४३ विंचेस्टर रायफल घेतली. पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) तीच, फक्त मान आवळलेली. .३०८ ची दारू अर्धा डबा शिल्लक आहे. गोळी १५० ग्रेनची (ग्रेन म्हणजे वजनाचं छोटं माप) होती, आता १०० ची. म्हणजे दारू दोन तृतीयांश करून सुरुवात केली तर चालेल ना?

पितळीपुंगळी: नाही चालणार. आधी तो डबा बाजूला ठेवा.

गॅस ढकलतो ती गोळीची पाठ, आणि तिचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानुसार बदलतं. .३५८ विंचेस्टर हे याच पुंगळीचं थोरलं भावंड. त्याच्या गोळीची पाठ .२४३ च्या दुपटीहून मोठी. म्हणजे गोळी एक सेंटीमीटर पुढे सरकली की तिथे गॅसला दुप्पट जागा मिळते. तुमच्या अरुंद नळीत ती जागा सावकाश मोकळी होते, दाब चढतो, आणि दाब चढला की धूरविरहित दारू आणखी वेगाने जळते. आगीत तेलच. म्हणून साधारणपणे अरुंद बोअरला (नळीच्या पोकळीला) सावकाश जळणारी दारू, रुंदाला जलद.

काही दारू दोन्ही काडतुसांच्या भरणीच्या तक्त्यांत (कुठल्या गोळीला किती दारू, हे सांगणाऱ्या) सापडतात, पण वजनं वेगळी असतात. त्रैराशिक मांडून ती काढता येत नाहीत. .२४३ च्या तक्त्यात तुमची दारू आणि तुमची गोळी असेल, तर तिथल्या सुरुवातीच्या वजनापासून चढा. 'सुरक्षित राहावं' म्हणून त्याच्याही खाली जाऊ नका. सावकाश दारू फार कमी भरली तर गोळी नळीतच अडकू शकते.

जुनाबोल्ट: थोडं अवांतर. नळीवर कोरलेल्या आकड्यावरही विसंबू नका. ८×५७ माउझरचंच बघा. १८८८ च्या रायफलींची गोळी .३१८ इंचाची, पुढे आली ती .३२३ ची. फरक पाच हजारांश इंच. दोन्ही प्रकारच्या नळ्या आजही हिंडतायत, म्हणून काडतुसांची मानकं ठरवणारी अमेरिकन संस्था साअ‍ॅमी या काडतुसाला ३५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबावरच अडवते, तर युरोपची तशीच संस्था सीआयपी ३,९०० बार, म्हणजे सुमारे ५६,५०० पीएसआयपर्यंत जाऊ देते. तक्ता कुठला आहे हे न बघता भरणाऱ्यांना माझा दुरून नमस्कार.

नळीचा खरा व्यास कळावा म्हणून माझ्या जुन्या .३०३ रायफलमध्ये मऊ शिशाचा गोळा तेल लावून ठोकत बाहेर काढला, मायक्रोमीटर लावला. चार-पाच हजारांश कमी भरला! दोन दिवस डोकं खाजवलं. मग लक्षात आलं, ही रायफल ली-एनफिल्ड, तिच्या नळीला आतून पाच खाचा. विषम संख्या, म्हणजे खाचेसमोर खाच येतच नाही आणि साध्या मायक्रोमीटरला पूर्ण व्यास सापडत नाही. व्ही आकाराच्या बैठकीचा मायक्रोमीटर आणला तेव्हा खरा आकडा कळला.

चपटाप्रायमर: एवढा खटाटोप कशाला? प्रायमर (पुंगळीच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) चपटा दिसला, म्हणजे दाब वाढला, की मी थांबतो.

पितळीपुंगळी: प्रायमरची वाटी कधी मऊ, कधी कडक. हेडस्पेस (काडतुसामागे उरणारी मोकळी जागा) जास्त असेल तर सौम्य भरणीतही तो चपटा दिसतो. आणि बोल्ट (रायफलची कडी) उचलायला जड जाईपर्यंत मर्यादा कधीच मागे पडलेली असते. क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, लावा. तक्त्याइतक्याच लांबीच्या नळीतून, कमाल वजनाच्या आधीच कमाल वेग मिळाला, तर तुमची नळी घट्ट आहे असं समजा आणि तिथेच थांबा.

नवानेमबाज: डबा कपाटात गेला, .२४३ च्या तक्त्यात ती दारू नाहीच. शेवटचं एक: ७.६२ च्या, म्हणजे .३०८ सारख्याच, लष्करी पुंगळ्या पडून आहेत, त्या आवळून .२४३ केल्या तर?

जुनाबोल्ट: होतात, पण मान आवळली की तिची भिंत जाड होते. गोळी बसवल्यावर मानेचा बाहेरचा व्यास मोजा. चेंबरमध्ये (नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेत) मानेला फुलायला जागा उरली नाही, तर ती गोळी सोडत नाही आणि दाब उसळतो. शिवाय लष्करी पितळ बहुधा जाड, आतली जागा कमी. त्यांना वेगळ्या डब्यात ठेवा आणि वजन पुन्हा तळापासून चढवा.

नवानेमबाज: मग आधी व्हर्नियर शोधतो.