अनुभव धागा : गाडी कशी चालवता आणि अंगावर काय घालता?

मोटरसायकलवाल्यांत दोन वाद कधी मिटत नाहीत. गाडी कशी चालवावी हा एक, चालवताना अंगावर काय घालावं हा दुसरा. माझ्या मते हा एकच वाद आहे. ज्याला रोज चौकाचौकांतून जायचंय त्याचा धोका वेगळा, घाटात गाडी झुकवणाऱ्याचा वेगळा, दिवसभर हायवेवर बसणाऱ्याचा आणखी वेगळा. पण खरेदी करताना आपण दुसऱ्याच्या चालवण्याला शोभेल असं सामान घेऊन येतो, आणि मग ते टोचतं, उकडतं, खुंटीला लटकतं.

पडल्याच्या कहाण्या सगळ्यांकडे आहेत. इथे त्यातून हाती लागलेलं लिहूया. कुठला भाग, कसा तपासायचा, कुठे फसतो आणि का. हेल्मेटपासून मीच सुरुवात करते. तारकेनंतरच्या नोंदी वेगवेगळ्या सदस्यांच्या आहेत, कोणाची किंवा कशाबद्दल ते शीर्षकात आहे.

वाचवतं ते बाहेरचं कवच, असा समज आहे. कवच आघात पसरवतं, टोकदार वस्तू आत शिरू देत नाही. डोकं थांबवण्याचं काम आतला थर्माकोल करतो. तो चेपला जातो, आणि चेपायला जो निमिषभर लागतो तेवढा मेंदूला जास्त मिळतो. एकदा चेपला की तो परत फुगत नाही. म्हणून डोकं आत असताना आदळलेलं हेल्मेट, बाहेर फक्त ओरखडा दिसला तरी, संपलं. रिकामं हेल्मेट हातातून सुटलं तर लगेच बाद होत नाही, कारण थर्माकोल दाबायला आत वजनच नव्हतं. उलट रोज आरशाच्या दांड्यावर अडकवलेल्या हेल्मेटच्या थर्माकोलला खळगा पडत जातो, आणि अस्तराखाली असल्यामुळे तो दिसतही नाही.

माप घेताना टेप भुवयांच्या वर दोन-अडीच सेंटिमीटरवरून, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवायची. तेवढ्याने काम भागत नाही. डोकी गोल असतात तशी लांबटही. लांबट डोक्यावर गोल हेल्मेट घातलं की कपाळाच्या मधोमध एक लाल ठिपका उठतो आणि बाजूंना मात्र जागा राहते. नंबर वाढवून हे सुटत नाही, मॉडेलच बदलावं लागतं. दुकानात पंधरा-वीस मिनिटं घालून बसा. गाल दाबले जायला हवेत. नवे गालाचे पॅड थोड्या दिवसांत सैल होतात, कपाळावरची टोच सैल होत नाही. मग पट्टा लावा, मागच्या खालच्या कडेला हात घालून हेल्मेट वर आणि पुढे ढकला. डोक्यावरून निघालं तर रस्त्यावरही निघेल. लांब केस असतील तर वेणी मानेपाशी खाली बांधूनच माप द्या. डोक्यावर बांधलेला अंबाडा हेल्मेटला वर उचलून धरतो.

मानकांबद्दल थोडक्यात. अमेरिकेच्या डॉट शिक्क्यात उत्पादक स्वतःच प्रमाणित करतो, सरकार नंतर बाजारातून नमुने उचलून तपासतं. युरोपच्या ईसीईमध्ये विक्रीआधी चाचणी होते. तिथल्या २२.०६ या आवृत्तीत दोन मोठे बदल झाले. एक, तिरक्या आघाताची चाचणी आली, कारण खरं डोकं रस्त्यावर सरळ क्वचितच आपटतं, ते घासत आणि गरकन फिरत आपटतं. दुसरं, जास्त वेगाच्या आघाताबरोबर कमी वेगाचाही आघात तपासू लागले. फार कडक थर्माकोल मोठ्या आघातात बरा दिसतो, पण लहान आघातात चेपतच नाही आणि सगळा धक्का डोक्याला देतो.

'हेल्मेटने काय फरक पडतो' असं म्हणणाऱ्यांसाठी : २००८ च्या कॉक्रन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा वैद्यकीय आढावा) हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष आहे.

*

रोज शहरातून कामावर :

शहरात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे 'जवळच तर जायचंय'. अंतर जवळचं असलं तरी समोरून वळणाऱ्या मोटारीला ते माहीत नसतं. शहरातली धडक पुष्कळदा वळणाऱ्या मोटारीशी होते, आणि चालक म्हणतो, 'दिसलाच नाही'. तो खोटं बोलत नसतो. सरळ अंगावर येणारी मोटरसायकल नजरेत जागची हलत नाही, फक्त हळूहळू मोठी होते, आणि मेंदू ते उशिरा टिपतो. चौक जवळ आला की आपल्या लेनमध्येच थोडं डावी-उजवीकडे सरकलं तर दिवा मागच्या दृश्यासमोर हलतो आणि लक्ष वेधतो.

रंगाचाही फरक पडतो. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड भागातला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. भडक किंवा प्रकाश परतवणारे कपडे घालणाऱ्यांत अपघाताचा धोका ३७ टक्के कमी, आणि पांढऱ्या हेल्मेटवाल्यांत काळ्या हेल्मेटवाल्यांपेक्षा २४ टक्के कमी आढळला. तरीही दुकानात काळंच जास्त खपतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वेगाचं गणित एकदा कागदावर मांडून बघा. समोरचं दिसून ब्रेकवर बोट पडेपर्यंत एक सेकंद धरा, आणि कोरड्या रस्त्यावर चांगलं ब्रेकिंग म्हणजे दर सेकंदाला सात मीटर प्रति सेकंद इतका वेग उतरणं. ताशी ६० किलोमीटरला गाडी सुमारे ३६ मीटरांत थांबते, ८० ला सुमारे ५७ मीटर लागतात. आता यातली खरी गोष्ट : ६० वाला ज्या जागी थांबतो, त्या जागी ८० वाला अजून ६० च्या वरच असतो. मी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा तीनदा तपासलं.

आणि पुढचा ब्रेक. त्याला घाबरणारे अजून पुष्कळ आहेत. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर जातं, म्हणून जास्तीत जास्त पकड तिथेच मिळते. चूक होते ती एकदम खेचण्यात. वजन पुढे पोचण्याआधीच चाक अडतं. लिव्हर आधी हलकी दाबायची, पुढचे शॉक बसू द्यायचे, मग दाब वाढवत न्यायचा. लिंबू पिळतो तसं. रिकाम्या मैदानात ३० पासून सुरू करून सराव करावा. एबीएस असलं तरी सराव हवाच. एबीएस चाक अडू देत नाही, पण पुरेसा दाब देणं हाताचंच काम.

*

वळणांचा नाद असलेला :

'गुडघा टेकला पाहिजे' ही आवड ट्रॅकवर ठीक. ट्रॅकवर समोरून ट्रक येत नाही, वाळू झाडलेली असते आणि पडल्यावर घसरत जायला मोकळी जागा असते. रस्त्यावर माझा साधा नियम आहे : दिसतंय तेवढ्या अंतरात थांबता यायला हवं.

४० मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ५० ला गाडी साधारण २६ अंश झुकवावी लागते. ६० ला ३५ अंश. वेग दहाच वाढला, झुकणं नऊ अंशांनी, आणि तेवढीच हातातली पकड संपली. नंतर त्या वळणात खडी दिसली तर ब्रेक लावायला टायरकडे फारसं काही उरत नाही. म्हणून वेग वळणाच्या आधी, गाडी उभी असताना उतरवायचा, आत हलकं थ्रॉटल धरून ठेवायचं. वळणात बाहेर राहून उशिरा आत यायचं म्हणजे पुढचा रस्ता आधी दिसतो. मधल्या रेषेजवळून वळताना एक चूक फार दिसते. टायर आपल्या बाजूला असतात, पण झुकलेलं डोकं रेषेपलीकडे गेलेलं असतं.

हँडलबद्दल : डावीकडे वळायचं तर डावं हँडल पुढे ढकलायचं. वेगात गाडी अशीच झुकते, मग तुम्हाला ते ठाऊक असो वा नसो. घाबरल्यावर माणूस उलट करतो, हात आखडतो आणि ज्या खांबाला टाळायचंय त्याच्याचकडे बघत राहतो. गाडी नजरेमागे जाते.

*

जॅकेट-पँटबद्दल :

लेबल वाचायला शिका. युरोपच्या ईएन १७०९२ या मानकात कपड्यांचे वर्ग आहेत : एएए सर्वांत वरचा, मग एए, मग ए. बी म्हणजे आघात-पॅडशिवायचा ए. सी हा फक्त पॅड धरून ठेवणारा कपडा, घासणीला जवळजवळ काहीच नाही. रोजच्या फिरण्याला ए चालेल, हायवेला एए घ्या. पूर्वीच्या ईएन १३५९५ चाचणीत सर्वाधिक घासणाऱ्या भागांसाठी कापडाने किमान चार सेकंद टिकावं अशी अट होती. साधी जीन्स त्या यंत्रावर एक सेकंदाच्या आसपास फाटते. आतून पॉलिएस्टरची घट्ट लेगिंग घालणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, ती घर्षणाने वितळून कातडीला चिकटते. आत सुती किंवा लोकरी कपडा बरा.

पाठीच्या पॅडच्या ईएन १६२१-२ मानकात पहिल्या पातळीला पलीकडे सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत बल जाऊ शकतं, दुसऱ्या पातळीला ९ पर्यंत. निम्मं! आणि बऱ्याच जॅकेटांत पाठीच्या खिशात नुसता फोम असतो, त्यावर मोटरसायकलस्वाराचं चित्र, पॅड कुठल्या भागाचा ते सांगणारं अक्षर आणि पातळी काहीच छापलेलं नसतं. ते काढून खरा पॅड घाला.

पण दुसऱ्या पातळीचा पॅड जागेवरून सरकला तर त्यापेक्षा जागेवर राहिलेला पहिल्या पातळीचा केव्हाही चांगला. दुकानात आरशासमोर उभं राहून माप बघू नका. गाडीवर बसल्यासारखं बसा, हात हँडलवर धरल्यासारखे पुढे करा. मग दुसऱ्या हाताने कोपराचा पॅड पकडून फिरवून बघा. तो हाडाच्या बाजूला निघून जात असेल तर पडतानाही जाईल. दंडावरचा पट्टा आवळा, तरी फिरत असेल तर एक नंबर कमी. गुडघ्याचा पॅड उभं राहिल्यावर जरा खाली वाटतो, तो तसाच हवा, कारण बसल्यावर वर येतो. कमरेचे पॅड बहुतेक पँटमध्ये येतच नाहीत, फक्त खिसे असतात. आणि जॅकेट-पँट जोडणारी चेन लावा. ती न लावल्यास घसरताना जॅकेट वर गोळा होतं आणि उघडी पाठ रस्त्याला लागते.

*

बायकांच्या मापाबद्दल भर :

पुरुषी कटाचं जॅकेट लहान नंबरात घेतलं की खांदे रुंद आणि कंबर घट्ट होते, आणि खांद्याचा पॅड दंडावर लोंबतो. वर सांगितलेली फिरवून बघायची चाचणी खांद्यालाही करा. 'थोडं ढगळ असलं तरी चालतं' हे विक्रेत्याचं म्हणणं मान्य करू नका.

*

हात, पाय, कान :

पडताना माणूस तळवा पुढे करतो, हे थांबवता येत नाही. तळव्याच्या मनगटाकडच्या गादीवर कडक गुळगुळीत चकती असलेले ग्लोव्हज घ्या. नुसती चामडी रस्त्याला चिकटते, हात जागीच थांबतो, शरीर पुढे जातं आणि मनगटातलं लहान हाड मोडतं. चकती हाताला घसरू देते. मनगटाचा पट्टा लावून बोटांची टोकं धरून ओढा. ग्लोव्ह निघाला तर परत ठेवा.

बूट हातात घेऊन तळवा पिळा, जुनं फडकं पिळतो तसा. सहज वळला तर गाडी पायावर पडल्यावरही वळेल. घोटा झाकलेला हवा, आणि नाडी असेल तर तिची टोकं आत खोचलेली.

कानांचा विषय कोणीच काढत नाही म्हणून काढतो. ताशी १०० च्या आसपास हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात जातो. महागड्या हेल्मेटनेही तो फार उतरत नाही. फोमचे इअरप्लग बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरायचे. हॉर्न आणि सायरन ऐकू येतात, गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. मात्र तुमच्याकडे कानात काही घालून चालवण्याबद्दल नियम काय आहे ते आधी बघा.

*

उन्हात लांब चालवणारी :

'उकडतं' ही तक्रार खरी आहे, तिला हसू नये. ३५ अंशांच्या आत जाळीचं जॅकेट उत्तम. हवा शरीराच्या तापमानापेक्षा गरम झाली की तीच जाळी भट्टीचा वारा आत घेते आणि घाम कातडी गार करण्याआधीच उडवून नेते. तेव्हा आतला सुती शर्ट ओला करून वर जॅकेटची बहुतेक छिद्रं बंद करायची, एखादंच उघडं ठेवायचं, म्हणजे ओल तासभर टिकते. पाणी तहान लागायच्या आधी, थोडं थोडं. डोकं जड होणं, पुढच्या गाडीचं अंतर चुकणं ही उन्हाची पहिली खूण, तिथेच थांबायचं.

*

ग्रुपमध्ये पुढे असणारा :

ग्रुपमध्ये माणूस स्वतःच्या वेगाने चालवत नाही, पुढच्याच्या मागच्या दिव्याने चालवतो. म्हणून सर्वांत नवखा रायडर म्होरक्याच्या लगेच मागे ठेवावा, शेवटी नाही. शेवटी ठेवला की मधली प्रत्येक फट भरून काढायला तो त्याच्या कुवतीबाहेर पळतो. सरळ रस्त्यावर एकाआड एक, तिरक्या रांगेत. आपल्याच रेषेतल्या पुढच्या गाडीपासून दोन सेकंद. वळणं आली की रांग मोडून एकेरी. निघण्याआधी पुढचं जमायचं ठिकाण सांगितलं असेल तर कोणालाही कोणाला गाठायची घाई राहत नाही.

मागे बसणाऱ्याबद्दल एवढंच : चालवणाऱ्याला ब्रेक आधी कळतो, मागच्याला नाही. त्याच्या अंगावरचं सामान तुमच्यापेक्षा कमी असता कामा नये. मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) वाढवा, टायरची हवा पुस्तिकेत दोघांसाठी दिलेली भरा, आणि ती गाडी थंड असताना मोजा.

*

शेवटी एक, अपघाताच्या जागी पोचलेल्यांसाठी :

जखमीचं हेल्मेट घाईने ओढू नका. तो श्वास घेत असेल, बोलत असेल तर काच उघडा, पट्टा सैल करा आणि मदत येईपर्यंत डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा. श्वास चालत नसेल किंवा तोंडातून उलटी, रक्त येऊन घसा अडत असेल तरच काढायचं, आणि तेही दोघांनी. एकाने खालून एक हात मानेमागे, एक जबड्याला लावून डोकं पेलायचं. दुसऱ्याने हेल्मेटच्या कडा बाजूंना ताणत, मागेपुढे हलकं तिरकं करत, नाक आणि मागचा फुगवटा सोडवत काढायचं. खाली पेलणाऱ्याने हेल्मेट निघताना वजन एकदम हातात येईल याची तयारी ठेवायची. बऱ्याच नव्या हेल्मेटांत गालाच्या पॅडखाली लाल फिती असतात. त्या खाली ओढल्या की पॅड बाहेर येतात आणि हेल्मेट सैल होतं. तुमच्या हेल्मेटला त्या आहेत का, ते आज घरी बसल्या बसल्या बघून ठेवा, आणि तुमच्याबरोबर चालवणाऱ्यांनाही दाखवा.