विजेची वस्तू बिघडते आणि दुकानदार म्हणतो, 'कंपनीला फोन करा': गोव्यातील अनुभव

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की म्हापसा, फोंडा, मडगाव येथील विद्युत उपकरणांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा उरत नाही. याच हंगामात घेतलेला फ्रिज, गिझर किंवा मिक्सर पुढे बिघडला आणि आपण दुकानात गेलो, की काउंटरवरून कंपनीच्या सेवा केंद्राचा क्रमांक हातात ठेवला जातो. हे उत्तर दुकानदाराच्या सोयीचे असले तरी ग्राहक संरक्षण कायदा 2019 त्याला एवढ्यावर मोकळे सोडत नाही. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि अशी मुदत लिहिलेली नसल्यास 30 दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही या कायद्याच्या व्याख्येनुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीदेखील त्याच व्याख्येत बसते. वस्तू कोणती होती, दुकानदार काय म्हणाला आणि शेवटी कोणत्या कागदामुळे प्रकरण पुढे सरकले, एवढे प्रत्येकाने लिहावे, असे निमंत्रक म्हणून आवाहन आहे. दुकानाचे किंवा कंपनीचे नाव कृपया लिहू नये.

डिचोली, निवृत्त शिक्षिका

आम्ही चवथीच्या आधी दोन दारांचा फ्रिज घेतला. घर पाहुण्यांनी भरलेले असतानाच त्याचा खालचा कप्पा गार होईनासा झाला. वर बर्फाचा थर साचत होता आणि खाली दूध नासत होते. तंत्रज्ञाने फ्रिज एक दिवस बंद ठेवायला सांगितले, बर्फ वितळल्यावर तो पुन्हा चालू करून दिला आणि जॉब शीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, 'चेक्ड, ओके' असे लिहून माझ्यापुढे सहीसाठी धरले. बर्फ आपोआप वितळवणारी यंत्रणा बंद पडली की मागील जाळीवर बर्फ साचतो आणि थंड हवा खाली उतरत नाही, हे मला नंतर कळले. पण एक दिवस बंद ठेवून चालू केलेला फ्रिज काही दिवस ठीकच चालणार, एवढे तेव्हाही समजत होते. म्हणून मी सहीच्या वर 'दोष कायम आहे, बर्फ वितळवून तात्पुरता चालू केला' असे लिहिले आणि मगच सही केली. तो मुलगा थोडा नाराज झाला, परंतु त्याने प्रत दिली.

पुढे अपेक्षेप्रमाणे तोच दोष पुन्हा दिसला. दुकानदार म्हणाले, "बाई, आमचे काम विकण्यापुरते. पुढचे कंपनी बघते." दुसऱ्या खेपेस आलेल्या तंत्रज्ञाने कारण म्हणून व्होल्टेज कमी-जास्त असल्याचे लिहायला घेतले. मी त्याला मीटर लावून आकडा दाखवायला सांगितले. मीटरवर 228 व्होल्ट दिसले, आणि फ्रिजच्या मागील पट्टीवर छापलेल्या पल्ल्यात हा आकडा सहज बसत होता. हा आकडा त्याच्याच हाताने शीटवर लिहून घेतला. त्यानंतर दुकानदाराला रजिस्टर्ड पोस्टाने पत्र आणि कंपनीला त्याची प्रत पाठवली, सोबत दोन्ही जॉब शीट जोडल्या, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. कंपनीने नवा फ्रिज दिला. तो पोचवायला दुकानदारांचाच टेम्पो आला, हे विशेष! नव्या फ्रिजची वॉरंटी मात्र जुन्या खरेदीच्या तारखेपासूनच मोजणार असे मला सांगण्यात आले असून त्यावर पत्रव्यवहार अजून चालू आहे.

मडगाव, उपकरणांचे दुकानदार

वरील अनुभवातील दुकानदाराची बाजू मी घेणार नाही, पण आमची अडचण तरी सांगतो. मोठी उपकरणे सीलबंद खोक्यात येतात आणि ती आम्ही उघडावीत हे कंपनीलाही नको असते व ग्राहकालाही. वस्तू पहिल्याच दिवशी बंद निघाली, तरी कंपनीच्या तंत्रज्ञाने ती मुळातच सदोष असल्याचा दाखला दिल्याशिवाय वितरक ती परत घेत नाही. व्यवहारात याला 'डीओए' (डेड ऑन अरायव्हल, म्हणजे येतानाच बंद) म्हणतात. हा दाखला लांबला की आमचे पैसे अडकतात, म्हणून बहुतेक दुकानदार ग्राहकालाच सेवा केंद्राच्या दारात उभे करतात.

वडिलांपासून चालत आलेल्या आमच्या दुकानात मिक्सर, इस्त्री, पंखा ग्राहकासमोर लावून दाखवल्याशिवाय देत नाही आणि बिलावर अनुक्रमांक हाताने लिहितो, कारण वाद निर्माण झाल्यावर बिलातील वस्तू आणि घरातील वस्तू एकच आहे हे सिद्ध करणे आमच्याही फायद्याचे असते. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही ओळ बिलावरून काढून टाकली आहे. तिचा काहीच उपयोग नाही, ती फक्त भोळ्या ग्राहकाला घाबरवते. दुसरीकडे, मिक्सरमध्ये ओली हळद दळून मोटर जाळणारे आणि वर 'काल घेतला' म्हणून उभे राहणारे ग्राहकही आहेत, याचीही येथे नोंद व्हावी.

निमंत्रकाची भर

दुकानदारांच्या लिखाणावरून एक भेद स्पष्ट करणे आवश्यक वाटते. वस्तूच सदोष असेल, तर तिची दुरुस्ती, बदली किंवा पैसे परत मिळावेत ही मागणी सदोष मालाच्या तक्रारीत होते आणि ती विक्रेता व उत्पादक दोघांविरुद्ध करता येते. सदोष वस्तूमुळे इजा झाली किंवा घरातील इतर सामान जळाले, तर त्याची भरपाई कायद्याच्या उत्पादन-दायित्व (वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी) या वेगळ्या प्रकरणात येते. तेथे 'हानी'त ती वस्तू स्वतः धरलेली नाही, म्हणजे फ्रिजच्या भडक्याने कपाट जळाले तर कपाटाचा दावा एका वाटेने जातो आणि फ्रिजचा दुसऱ्या. या प्रकरणात विक्रेता सरसकट जबाबदार धरला जात नाही. मात्र त्याने उत्पादकापेक्षा वेगळी स्वतःची हमी दिली असेल, वस्तूत फेरफार केला असेल, जोडणी किंवा तपासणीत वाजवी काळजी घेतली नसेल, अथवा उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर याच कायद्याचे कलम 86 त्याला गाठते. दुकानदार तोंडाने 'आमची गॅरंटी' म्हणतो, तेव्हा ती बिलावर लिहून मागण्यात संकोच नसावा.

फोंडा, परवानाधारक वीजतंत्री

गिझरच्या नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ही तक्रार मला वारंवार येते. अशा वेळी कंपनीचा माणूस घराच्या वायरिंगला दोष देतो आणि घरमालक गिझरला. कधी दोघेही बरोबर असतात. आपल्याकडे जांभ्याच्या जमिनीत अर्थिंगचा रोध मुळातच जास्त असतो आणि उन्हाळ्यात माती सुकल्यावर तो आणखी वाढतो. पण अर्थिंग कमकुवत असणे आणि गिझरच्या आतून वीज गळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिझर वायरिंगपासून सोडवून हीटिंग एलिमेंट आणि बाहेरचे कवच यांमध्ये मेगर या उपकरणाने इन्सुलेशन (वीज गळू न देण्याची क्षमता) मोजले की खरे कारण समोर येते. हे मोजमाप मी तारीख, परवाना क्रमांक आणि सहीसह कागदावर देतो, आणि तो कागद हातात आला की कंपनीच्या माणसाची भाषा मवाळ होते, असा माझा अनुभव आहे.

एका घरी तर गिझरवरच्या आयएसआय चिन्हाखालचा 'सीएम/एल' हा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये घालून पाहिला, तेव्हा तो निराळ्याच वस्तूच्या उत्पादकाचा निघाला. साठवणीच्या गिझरला हे प्रमाणन सक्तीचे आहे. घरमालकाने मोबाइलवरचा तो पडदा दुकानदाराला दाखवला आणि पैसे त्याच संध्याकाळी परत मिळाले. तत्पूर्वी त्याच दुकानात 'पक्के बिल हवे असेल तर भाव वेगळा' असे त्यांना सांगण्यात आले होते.

पेडणे, किनाऱ्याजवळील लहान खानावळ चालवणारे

आमचा डीप फ्रीझर वॉरंटीतच बंद पडला आणि आतील मासळी फेकून द्यावी लागली. आम्ही पाठवलेल्या नोटिशीला उत्तर आले की आम्ही व्यावसायिक वापरासाठी खरेदी केल्यामुळे 'ग्राहक'च नाही. हे उत्तर वाचून बरेच जण तिथेच थांबतात. वास्तविक स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यापुरती घेतलेली वस्तू कायद्याने 'व्यावसायिक वापर' या अपवादातून वगळली आहे. खानावळ मी आणि पत्नीच चालवतो, हे आम्ही शपथपत्रात लिहिले व पर्वरी येथील उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्याने शुल्क लागले नाही, वकीलही दिला नाही. आयोगाने मध्यस्थीचा पर्याय सुचवला. तेथे फ्रीझरची किंमत मिळाली, मासळीची मिळाली नाही. फेकण्यापूर्वी मासळीचे फोटो काढले होते, पण बाजारात रोख घेतलेल्या मासळीला पावती कोण देतो?

वास्को, गृहिणी

समुद्राच्या खाऱ्या हवेने एसीच्या बाहेरील यंत्राची कॉइल सडली आणि गॅस गळाला. गंज वॉरंटीत येत नाही, असे कंपनी म्हणाली. माहितीपत्रकात मात्र 'किनारपट्टीसाठी योग्य' असे ठळक छापले होते. ते जपून ठेवलेले पत्रक पाठवल्यावर कॉइल बदलून मिळाली. गॅस भरण्याचे पैसे द्यावे लागले.

सत्तरी, महाविद्यालयीन प्राध्यापक

आम्ही टीव्ही बेळगावला घेतला. तक्रार करायची तर तिकडेच जावे लागेल असे दुकानातून ऐकवण्यात आले, ते खरे नाही. 2019 च्या कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगातही तक्रार करता येते, आणि ती ऑनलाइन दाखल करण्याचीही सोय आहे. हे पत्रात लिहिल्यावर दुकानदाराने स्वतः फोन केला.

निमंत्रकाची भर

मुदतीबद्दल विचारणा झाली आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते. सेवा केंद्राशी चाललेल्या पत्रव्यवहारामुळे ही मुदत वाढते असे गृहीत धरू नये. उशीर झालाच तर सबळ कारण लिहून तो माफ करण्याची विनंती करावी लागते आणि ती मान्य करणे आयोगाच्या हातात असते. दोष डोळ्यांनी दिसण्यासारखा नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, म्हणून प्रकरण चालू असताना ती वस्तू भंगारात देऊ नये किंवा बाहेरच्या मेकॅनिककडून उघडू नये.

वाढीव वॉरंटी घेतलेल्यांचे अनुभव अद्याप आलेले नाहीत. ती बहुधा दुकानाची किंवा उत्पादकाची नसून तिसऱ्याच कंपनीशी केलेला स्वतंत्र करार असते. अशा कागदावर सही कोणाची होती आणि दुरुस्तीच्या वेळी दाराशी कोण आले, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी अवश्य लिहावे.