मदत हवी आहे : डिमेन्शिया असलेल्यांना सांभाळणाऱ्या मावशींना कसं शिकवावं?

नमस्कार. बेळगावजवळ खानापूर रस्त्यावरच्या एका लहान वृद्धाश्रमात मी नर्स आहे. राहणारे २१, त्यातल्या सहा जणांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश). सांभाळायला आठ मावशी. निम्म्या खानापूर तालुक्यातल्या मराठी, निम्म्या बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या कन्नड बोलणाऱ्या.

संध्याकाळी पाच वाजले की आमच्या एक आजी फाटकाशी येतात. "घराकडं जातो मी, धार काढायची हाय." (इकडे बायकाही जातो-येतोच म्हणतात.) मावशी खरं ते सांगायच्या : म्हैस विकली, मालक वारले. आजींना ते रोज नव्यानं कळायचं, रोज नव्यानं रडायच्या. मग दोघी मिळून आत ओढायच्या, आजी चावायच्या आणि नोंदवहीत 'आक्रमक' असा शेरा पडायचा.

बैलहोंगलच्या एका मावशीनं, जिला मराठी जेमतेम येतं, एक दिवस आजींच्या हातात चरवी दिली. त्यांच्या चालीनं विहिरीपर्यंत गेली, कट्ट्यावर बसली, परत आली. आजी शांतपणे जेवल्या. दुसऱ्या दिवशी दुसरीनं घाईत चरवी नुसती हातात कोंबली, तर आजींनी ती भिरकावली. म्हणजे गुण चरवीचा नव्हता. तो कशाचा होता हे मला कळतं, पण बाकीच्या सातजणींना शिकवता येत नाही.

मध्यंतरी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण झालं. इंग्रजी स्लाइड, आजाराचे प्रकार, मेंदूची चित्रं. मावशी पेंगल्या, रात्रपाळी करून आल्या होत्या, त्यांचा दोष नाही. मग मीच वाचायला घेतलं. डिमेन्शियाच्या सेवेवर लिहिणारे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७ च्या पुस्तकात अशा माणसाच्या गरजा मांडल्यात : धीर, जिव्हाळा, चारचौघांत सामील असणं, हाताला काम, आणि आपण कोण याची ओळख. हे सांगितलं की सगळ्या माना डोलावतात. सकाळी आंघोळीला मात्र न सांगता लुगडं सोडतात, डोक्यावर तांब्या ओततात आणि आजींच्या डोक्यावरून आपसात गप्पा मारतात. वाईट कुणीच नाही. नऊच्या आत सहा आंघोळी उरकायच्या असतात, हेही खरं.

पाळी बदलताना मला वीस मिनिटं मिळतात. त्यात प्रसंग करून दाखवावेत का, एकीला आजी करून दुसरीनं तिला आंघोळ घालायची, असं? कुणी केलंय का? प्रत्येकाच्या खाटेशी गाव, धंदा, आवडीनिवडी असा एक कागद लावायचाय. पण मराठी न वाचणाऱ्या मावशींसाठी तो चित्रांचा करावा का? डिमेन्शिया असलेल्या काही जणांची नंतर शिकलेली कन्नड आता सुटत चालली आहे, त्यामुळे कन्नड मावशींना कामापुरती मराठी शिकवणं निकडीचं झालंय.

आणि एका मावशीनं विचारलेला प्रश्न, ज्याला मी उत्तर दिलेलं नाही : "अक्का, मालक येतील म्हणून रोज खोटं सांगू का?" तुम्ही काय सांगता तुमच्या माणसांना?