.३०८ च्या ब्रासमधले जळके प्रायमर काढायला वेगळी डाय घ्यावी की हँड टूल?

डॅलसकर: टेक्सासात आहे. .३०८ विंचेस्टर रायफलच्या झाडलेल्या काडतुसांची साधारण ६०० रिकामी पितळी केसेस (ब्रास) जमली आहेत, ती पुन्हा भरायची आहेत. त्यात बाजारातल्या फॅक्टरी राउंडची आहेत, लेक सिटी शिक्क्याची लष्करी आहेत आणि थोडी लापुआ पाल्मा. स्टीलच्या पिना टाकून ओलं टम्बलिंग (पाण्यात फिरवून धुणं) करायचं आहे, म्हणून बुडातले प्रायमर (दारू पेटवणाऱ्या छोट्या टोप्या) आधी काढायचे. सायझिंग डायच्या (केस दाबून पुन्हा मापात आणणाऱ्या साच्याच्या) पिनने होईलच, मग वेगळी डाय कशाला? हँड टूलने भागेल का?

पितळवाला: सायझिंग डायने काम होतं, पण मळकट केस तिच्यात घालू नये. रेंजवरची वाळू डायच्या आतल्या भिंतीत रुतली की पुढच्या प्रत्येक केसवर उभा ओरखडा. शिवाय त्यासाठी केसला ल्यूब (वंगण) लावावं लागतं. युनिव्हर्सल डिकॅपिंग डाय फक्त प्रायमर ढकलून काढते, केसच्या अंगाला लागतच नाही, त्यामुळे ल्यूब नको आणि मळ असला तरी चालतं. थ्रेड नेहमीचाच, ७/८-१४, म्हणजे कुठल्याही साध्या प्रेसवर बसते. शेलहोल्डर (प्रेसवर केसचं बूड धरणारा तुकडा) .३०८ साठी आरसीबीएसचा ३ नंबर किंवा लीचा २ नंबर.

लीची डाय स्वस्त आहे आणि तिची खुबी म्हणजे पिनचा दांडा कॉलेटमध्ये (नटाने आवळल्या जाणाऱ्या पकडीत) नुसता आवळलेला असतो. अडथळा आला तर पिन मोडण्याआधी दांडा वर सरकतो. साध्या प्रायमरलाही सरकायला लागला तर दांड्यावरचं तेल पुसा आणि नट दोन पाने लावून घट्ट करा. हाताने आवळून भागत नाही.

रेंजमास्तर: वर एक गोष्ट राहिली. लापुआ पाल्मा बाजूला काढा. तिला स्मॉल रायफल प्रायमर लागतो आणि फ्लॅश होल (प्रायमरची ठिणगी आत जाण्याचं भोक) सुमारे १.५ मिमीचं असतं. बाकीच्यांचं साधारण २ मिमी. नेहमीची जाड पिन त्यात गेली तर अडकते, वाकते, नाहीतर भोक फाकवते, आणि ही महाग केस ज्या एकसारखेपणासाठी घेतली तोच जातो. त्यासाठी १.४५ मिमीच्या आसपासची बारीक पिन घ्या.

दुसरं, प्रत्येक केसमध्ये टॉर्च मारून बघा. मधोमध एक भोक म्हणजे बॉक्सर प्रायमरची केस. मध्यापासून सरकलेली दोन बारीक भोकं म्हणजे बर्डन प्रायमरची, जिच्यात ही पिन चालत नाही. ती भंगारात टाका. पिना मोडतात त्या बहुतेक बर्डनवर, नाहीतर आत खडा अडकलेला असतो.

डॅलसकर: धन्यवाद. लेक सिटीचे प्रायमर क्रिम्प केलेले (भोवतीची पितळी कड दाबून पक्के केलेले) आहेत, ते हँड टूलने निघतील का?

रेंजमास्तर: निघतात, पण शंभरेक केसेसनंतर मनगट बोलायला लागतं. फ्रँकफर्ड आर्सेनलच्या हँड टूलला शेलहोल्डर लागत नाही, जळके प्रायमर नळीत जमतात, टीव्हीसमोर बसून पन्नास-साठ केसेस काढायला झकास. सहाशेला प्रेसच बरा, क्रिम्पवाल्यांना तर नक्कीच.

आणि प्रायमर निघाला म्हणजे क्रिम्प गेला असं नाही. पॉकेटच्या (प्रायमर बसतो त्या खळग्याच्या) तोंडाशी पितळेची कड राहते, नवा प्रायमर तिथे अडतो किंवा चेपतो. डिलनचं सुपर स्वेज ६०० किंवा आरसीबीएसचं स्वेजर ती दाबून मोकळी करतं. रीमरही चालतो, पण जास्त खरवडलं तर पॉकेट सैल.

पितळवाला: प्रायमरसकट धुऊन केसेस ओल्या ठेवू नका. प्रायमर गंजून चिकटतो, मग पिन कपाच्या बुडातून आरपार जाते आणि कडं पॉकेटमध्येच राहतं. ते काढण्यापेक्षा केस टाकलेली बरी.

टम्बलिंगनंतर फ्लॅश होल पुन्हा बघा. नेहमीच्या पिना १.०४ मिमीच्या असतात, दोन शेजारी शेजारी २ मिमीच्या भोकात गच्च बसतात. सायझिंग डायची पिन त्यावर आली तर मोडलीच म्हणा.

काजळीत शिसं असतं. हातमोजे घाला, प्रेसचा रॅम (वरखाली होणारा दांडा) ओल्या फडक्याने पुसा, कोरड्या ब्रशने झाडू नका. न फुटलेला प्रायमर दिसला तर ती केस या ढिगात घालूच नका.

डॅलसकर: म्हणजे लीची डाय, एक जादा पिन आणि लापुआसाठी बारीक पिनची दुसरी डाय. स्वेजर पुढच्या महिन्यात.

रेंजमास्तर: तोवर लेक सिटी वेगळ्या डब्यात ठेवा, डब्यावर 'क्रिम्प' लिहून.